‘राखीव’ वेळेचा हिशेब

मराठी गद्याच्या ज्या प्रकारांची दखल आमच्या अभ्यासक्रमांनी कधीच घेतली नाही, त्यांत मान्यवरांचा ‘दौरा कार्यक्रम’ हा एक ठळक प्रकार आहे. जिल्हा माहिती कार्यालयातून तो निघतो, वृत्तपत्राच्या आतल्या पानावर छोट्या चौकटीत बसतो, आणि ज्यांना हारतुरे घेऊन उभे राहायचे असते त्यांच्याखेरीज तो सहसा कोणी वाचत नाही. त्याचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी साडेनऊ वाजता हेलिकॉप्टरने आगमन. पावणेदहा वाजता मोटारीने समाधिस्थळाकडे प्रयाण. दहा वाजता दर्शन व अभिवादन. साडेदहा वाजता कार्यक्रमास उपस्थिती. बारा ते दोन राखीव. त्यानंतर सोयीनुसार पुढील कार्यक्रमाकडे प्रयाण. या गद्याचे व्याकरण वर्गात शिकवावे असे आहे. त्यात क्रियापद नाही. आगमन आहे, प्रयाण आहे, उपस्थिती आहे. येणारा, जाणारा, बसणारा मात्र मथळ्यात नाव देऊन जो अदृश्य होतो तो शेवटपर्यंत वाक्यात परतत नाही. भाववाचक नामांच्या या माळेत घड्याळाच्या काट्यांचे अंक खच्चून भरलेले असतात. रुपयांचा अंक एकही नसतो.

या चौकटीतला सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे ‘राखीव’. एसटीच्या डब्यात हाच शब्द खिडकीच्या वर रंगवलेला आम्ही लहानपणापासून वाचत आलो: विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव. त्या आसनावर आमदार बसलेला पाहिल्याचे सांगणारे लोक थोडे, आणि सांगतात ते कौतुकाने, जणू दुर्मीळ पक्षी दिसला होता. एसटीतल्या ‘राखीव’चा अर्थ निदान असा होतो की अमुक आला तर उठून त्याला जागा द्यायची. दौऱ्यातल्या ‘राखीव’चा अर्थ असा की या दोन तासांत काय झाले, कोणाशी बोलणे झाले, कोणाच्या बंगल्यावर जेवण झाले, हे आपण विचारायचे नाही. पहिल्या ‘राखीव’ची किंमत तिकिटावर छापलेली असते. दुसऱ्याची कोठेच नसते, कारण त्या दोन तासांतही हेलिकॉप्टर उभे असते, वैमानिक ताटकळत असतो, ताफ्यातल्या मोटारी रांगेत असतात, बंदोबस्ताचे पोलीस उन्हात असतात, आणि या सर्वांचे देयक कोणत्या तरी लेखाशीर्षाखाली चढत असते.

हे सारे बोलायला आम्ही वढू बुद्रुक हे गाव निवडतो, यामागे कारण आहे. पुणे–अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमाला वळले की थोड्याच अंतरावर शिरूर तालुक्यातले हे भीमाकाठचे गाव लागते. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. त्यांची समाधी येथे आहे. ज्या तुळापूरच्या संगमाशी त्या घटनेची स्मृती जोडलेली आहे तोही जवळच. फाल्गुन वद्य अमावास्येला बलिदानाचे स्मरण होते, मे महिन्यात जयंती होते, आणि या दोन दिवसांखेरीजही वर्षभर, विशेषतः निवडणुकीचे वारे वाहू लागले की, मोठ्या गाड्यांचे ताफे या वाटेला लागतात. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात वढू बुद्रुक आणि तुळापूर येथील स्मारकासाठी २५० कोटी रुपयांची घोषणा झाली. ती रक्कम सर्वांना ठाऊक आहे. सभागृहात वाचली गेली, फलकांवर लिहिली गेली. स्मारकाला येणाऱ्या-जाणाऱ्यांवर किती खर्च होतो, तो अंक मात्र कोणत्याही फलकावर नाही.

येथे येणारा मंत्री एकाच वेळी तीन नात्यांनी आलेला असतो. तो शासनाचा प्रतिनिधी असतो, कारण स्मारक शासनाचे आहे. तो पक्षाचा पुढारी असतो, कारण अभिवादनानंतर बोलायचे असते आणि ते बोलणे संध्याकाळी सगळीकडे दाखवले जायचे असते. आणि तो भाविक असतो. या तिसऱ्या नात्याबद्दल शंका घेण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. अडचण इतकीच की तिन्ही नाती एकाच हेलिकॉप्टरातून उतरतात आणि एकाच तिजोरीतून तिन्हींचे भाडे जाते. शासकीय कामाला आलेल्या माणसाने दर्शन घेतले तर कोणी नाक मुरडणार नाही. पण दर्शनाला आलेल्या माणसाने येताना एक शासकीय आढावा बैठक टाचणीने जोडून घेतली, तर ती टाचणी दिसली पाहिजे. कामासाठी प्रवास आणि प्रवासासाठी काम, यांतला फरक आमच्याकडच्या कारकुनालाही कळतो.

यावर जो आक्षेप हमखास येतो तो आधीच मांडतो. ‘महाराजांच्या समाधीच्या दर्शनाचा हिशेब मागता? तुमची निष्ठा कोठे गेली?’ हा आक्षेप इतका परिणामकारक आहे की तो प्रत्यक्ष कोणी उच्चारण्याचीही गरज पडत नाही. विचारणारा आपणच आपल्या मनात तो ऐकतो आणि गप्प बसतो. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. ज्यांच्या नावाने तो घेतला जातो त्यांच्या दप्तराकडे पाहिले तर काय दिसते? मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेले असते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, आणि मग रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. स्वारीच्या फौजेने वाटेत काय खाल्ले, कोणाचे खाल्ले, मोबदला दिला की नाही, हा राजाच्या लेखी राज्य टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न होता. संभाजी महाराजांच्या नावावर तर ‘बुधभूषण’ हा राजनीतीची चर्चा करणारा संस्कृत ग्रंथ आहे. समाधीपुढे वाकणाऱ्या किती जणांनी तो उघडला असेल, हा वेगळा विषय. तो आमच्या विभागांनाही अडचणीचा आहे. असो.

पेशवाईचे उदाहरण याहून बोलके आहे. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या सुमारास निघाले. त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून उतारे काढून ठेवले होते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आज आपण कादंबरीकारांच्या हवाली केले आहेत, पण ते एका चालत्या व्यवस्थेचे शब्द होते. स्वारी निघाली की तिच्याबरोबर दप्तर निघे. दाणा किती, बक्षीस काय, देवाला काय वाहिले, ब्राह्मणाला काय दिले, घोड्याला काय लागले, याची नोंद त्या त्या दिवशी पडे. देवाला वाहिलेल्या पैशाचीही नोंद होई, आणि त्यामुळे कोणाची भक्ती कमी झाल्याचे आढळत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या स्वारीचा खर्च आज मोडी वाचता येणारा कोणताही संशोधक रुमाल सोडून पाहू शकतो. गेल्या फाल्गुनातल्या दौऱ्याचा खर्च देवनागरी वाचता येणाऱ्या नागरिकाला पाहता येत नाही.

अर्थात पेशव्यांचे राज्य लोकशाही नव्हते, आणि कीर्द लिहिली जात होती ती रयतेसाठी नव्हे. हिशेब धन्यासाठी लिहिला जात होता. फडणीस धन्याला चोख हिशेब देणे लागत होता. आम्ही ही तुलना करतो ती याचसाठी. आज धनी बदलला आहे. संविधानाच्या उद्देशिकेतले पहिले शब्द कोणाच्या नावाने आहेत ते सातवीतला मुलगाही सांगेल. धनी बदलला, तिजोरी त्याच्या नावावर झाली, आणि नेमक्या त्याच वेळी हिशेब त्याला दाखवण्याची रीत बंद पडली.

अलीकडच्या काळातली काही प्रकरणे आठवून पाहावीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ होते. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. त्यानंतर तीनच दिवसांनी दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर आलेले तेव्हाचे महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या हेलिकॉप्टरसाठी औसा तालुक्यातल्या बेलकुंड येथे तात्पुरते हेलिपॅड करण्यात आले, आणि धूळ उडू नये म्हणून त्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी शिंपडण्यात आले. देशभर गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्या गदारोळाचे स्वरूप आज पुन्हा पाहिले की आमच्या सार्वजनिक चर्चेची एक खोड लक्षात येते. सगळे बोलले ते पाण्याबद्दल. पाणी दिसते, टँकर दिसतो, ओली माती छायाचित्रात येते. हेलिकॉप्टरच्या तासाचे भाडे छायाचित्रात येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या लातूर जिल्ह्यात फिरायला मोटार का चालली नसती, हेलिकॉप्टर कोणी मागवले, देयक कोणत्या विभागाने भागवले, हे प्रश्न त्या दहा हजार लिटरमध्ये वाहून गेले. आम्ही संतापतो तो प्रतिमेवर. व्यवस्था प्रतिमेच्या चौकटीबाहेर निवांत उभी असते.

दुसरे प्रकरण तर नाटकाच्या अभ्यासकांनी जपून ठेवावे असे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी मुंबई विमानतळावर शासकीय विमानात जाऊन बसले आणि मग कळले की उड्डाणाला राज्य सरकारची परवानगी नाही. ते उतरले आणि त्याच दिवशी प्रवासी विमानाने डेहराडूनला गेले. मसुरीच्या प्रशासकीय अकादमीत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांच्या समारोपाला त्यांना जायचे होते. पुढचे काही दिवस ‘संगीत मानापमान’ची आठवण यावी असा खेळ रंगला. राजभवन म्हणाले, आम्ही पत्र आधीच दिले होते. मुख्यमंत्र्यांचे कार्यालय म्हणाले, परवानगी मिळाल्याची खात्री करून निघायचे होते. एका बाजूने राज्यपालपदाचा अवमान झाला, दुसऱ्या बाजूने सरकारच्या अधिकाराचा. आम्ही ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तो दोन्ही बाजूंनी कोणी विचारला नाही. प्रवासी विमान त्याच दिवशी उपलब्ध होते आणि राज्यपाल त्यातून सुखरूप पोचले, तर शासकीय विमान कशासाठी मागवले होते आणि त्या उड्डाणाला किती खर्च आला असता? विरोधकांनी तो विचारला नाही, कारण त्यांचे राज्यपाल. सत्ताधाऱ्यांनी विचारला नाही, कारण विमान उद्या त्यांनाही लागणार होते. मानापमानात पैसा हे पात्रच नव्हते.

तिसरे प्रकरण महाराष्ट्राला जवळचे आणि म्हणून अवघड. प्रतिभाताई पाटील या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, जळगावच्या. त्यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचे मार्च २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले: १२ दौरे, २२ देश, त्यांपैकी १६९ कोटी विमानाचे, उरलेले निवास, स्थानिक वाहने वगैरेंचे. महाराष्ट्रातल्या प्रतिक्रिया तेव्हा दोन टोकांच्या होत्या. काहींनी मराठी बाई म्हणून दिल्लीकर पत्रकार तुटून पडल्याचा सूर लावला. काहींनी साडी-चोळीची टिंगल करण्याची हौस भागवून घेतली. दोन्ही सूर आम्हाला हीन वाटले. राष्ट्रपती परदेशी जातात त्या सरकारच्या सल्ल्याने जातात. तेव्हा त्या दौऱ्यांचा जाब एकट्या राष्ट्रपतींना विचारणे न्याय्य नव्हते. आणि २०५ कोटी ही रक्कम जास्त की कमी, हेही नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. ठरवायचे तर प्रत्येक दौऱ्याचे प्रयोजन काय, बरोबर कोण होते आणि का होते, हाती काय लागले, हे त्या रकमेशेजारी मांडलेले हवे. ते मांडलेले नव्हते. आकडा एकटाच, बेवारशासारखा, वर्तमानपत्रात आला. बेवारशाचे जे होते ते त्याचे झाले. आधी बोभाटा झाला, मग विस्मरण.

दावोसच्या वाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर बरेच लिहिले गेले आहे. गुंतवणुकीच्या कराराची आकडेवारी लाखो कोटींत सांगितली जाते आणि मोठ्या अक्षरांत छापली जाते; जाण्या-येण्या-राहण्याचा खर्च मात्र विरोधकांनी आरोप केल्यावर, तोही तुकड्यातुकड्यांत समजतो. जानेवारी २०२४ च्या दौऱ्यातील सेवांचे १.५८ कोटी रुपये थकल्याबद्दल स्वित्झर्लंडमधल्या एका कंत्राटदार कंपनीने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाला नोटीस धाडल्याची बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. म्हणजे आमच्या दौऱ्याच्या खर्चाचा एक भाग आम्हाला कळला तो परक्या देशातल्या वकिलाच्या पत्रातून.

आता कोणी म्हणेल, शासकीय, पक्षीय आणि खासगी प्रवास वेगळा काढणे व्यवहारात अशक्य आहे. पुढाऱ्याचे आयुष्य असे कप्प्यांत विभागता येत नाही. हे म्हणणे ऐकायला समंजस वाटते, पण आपलीच निवडणूक यंत्रणा ते दर निवडणुकीत खोटे पाडते. आदर्श आचारसंहिता लागू झाली की मंत्र्याला शासकीय दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही, शासकीय वाहन किंवा विमान पक्षकार्याला वापरता येत नाही. ज्या क्षणी निवडणुकीची घोषणा होते त्या क्षणी अशक्य ते शक्य होते. लाल दिव्याच्या जमान्यात दिवे झाकले जात, आता मोटारी जमा होतात, विश्रामगृहांच्या खोल्या रिकाम्या होतात, आणि पुढारी स्वतःच्या नाहीतर पक्षाच्या खर्चाने हिंडू लागतो. दोन महिने जी रेषा सर्वांना स्पष्ट दिसते, ती उरलेले अठ्ठावन्न महिने कोणालाच दिसत नाही, हा दृष्टिदोष वैद्यकशास्त्रात बसणारा नाही. या रेषेचे मोल या देशात एकदा फार मोठे ठरले होते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीची निवडणूक रद्द केली, तिच्या कारणांत एक होते ते प्रचारसभांची व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपकांची वीज यांची व्यवस्था राज्याच्या अधिकाऱ्यांकरवी झाल्याचे. लाकडी मंचाचा हिशेब पंतप्रधानांच्या खुर्चीपर्यंत गेला. त्यानंतर काय झाले ते सर्वश्रुत आहे, पण न्यायमूर्तींना मंच कोणाच्या पैशाने उभा राहिला हा प्रश्न क्षुल्लक वाटला नव्हता, ही गोष्ट आम्ही विसरत नाही.

परदेशांतले दाखले देण्याचा आम्हाला सोस नाही. पण एक दाखला वढूच्या हेलिपॅडला इतका चपखल बसतो की टाळवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्ष ब्रॉन्विन बिशप नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्नहून जीलाँगला भाड्याच्या हेलिकॉप्टरने गेल्या. मोटारीने तासाभराचा रस्ता. तिकडे त्यांच्या पक्षाचा निधी गोळा करण्याचा कार्यक्रम होता. भाडे पाच हजार डॉलरांहून थोडे अधिक, आणि ते सरकारी खर्चात दाखवलेले. तेथे लोकप्रतिनिधींच्या प्रवासखर्चाची विवरणे नियमाने प्रसिद्ध होत असत, त्यामुळे जुलै २०१५ मध्ये ही नोंद लोकांच्या नजरेस आली. बाईंनी आधी दाद दिली नाही, मग पैसे परत केले, मग क्षमा मागितली, आणि २ ऑगस्ट २०१५ रोजी राजीनामा दिला. त्यातूनच पुढे अशा खर्चावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था २०१७ मध्ये उभी राहिली. ब्रिटनमध्ये २००९ च्या खासदार-भत्ता प्रकरणानंतर असेच घडले. तेथे आता खासदारांचे दावे एकेक करून प्रसिद्ध होतात. आम्हाला या कथेतला राजीनामा महत्त्वाचा वाटत नाही. ऑस्ट्रेलियन माणूस नैतिकतेत आपल्याहून श्रेष्ठ आहे असेही नाही. तसा असता तर हेलिकॉप्टर मागवलेच गेले नसते. महत्त्वाची आहे ती विवरणाची नोंद, जी कोणी मागितली नसताना तेथे पडलेली होती.

आणि आपल्याकडे हे अगदीच अपरिचित आहे असेही म्हणता येत नाही. पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांची यादी, भाड्याच्या विमानांच्या खर्चासह, त्यांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवली जाते. मुंबई ते वढू हे अंतर मुंबई ते न्यूयॉर्कपेक्षा मोजायला अवघड नसावे.

मराठी साहित्याचे अध्यापक म्हणून आमच्याकडे एक वेगळा दोष येतो, तो असा की हिशेबाची भूक आम्ही चरित्राने भागवतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने प्रवास करीत राहिले. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले तेव्हा त्यांच्या साधेपणावर मराठीत जितके मृत्युलेख आले तितके त्यांच्या पाणीप्रश्नावरील कामावरही आले नसतील. आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. पण साधेपणाच्या कथा सांगण्याची आपली रीत पाहिली म्हणजे संशय येतो की त्या कथा इतरांना सूट देण्यासाठी सांगितल्या जातात. एक गणपतराव एसटीने गेले की उरलेल्यांच्या हेलिकॉप्टरकडे पाहण्याची आपली जबाबदारी संपते. सप्टेंबर २००९ मध्ये काटकसरीची लाट आली होती. सोनिया गांधी विमानात साध्या वर्गात बसून मुंबईला आल्या, राहुल गांधी शताब्दी गाडीने गेले, आणि शशी थरूर यांनी त्याच वर्गाला गुरांचा वर्ग म्हटल्यावर त्यांची उडालेली तारांबळ सर्वांनी मिटक्या मारीत पाहिली. त्या लाटेतून एकही नियम निघाला नाही. लाट ओसरली आणि वाळू होती तशीच राहिली. आम्हाला पुढाऱ्याने एसटीतून यावे असे मुळीच म्हणायचे नाही. वाघोली-शिक्रापूरची वाहनकोंडी ज्याने एकदा अनुभवली आहे त्याला हेलिकॉप्टरची इच्छा समजू शकते. यावे, पण तिकीट दाखवावे.

तिकिटाचे म्हणाल तर ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. परगावच्या महाविद्यालयात बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलेल्या आमच्यातल्या प्रत्येकाने एसटीचे पातळ, घडी पडलेले तिकीट कागदावर चिकटवून प्रवासभत्त्याचे देयक भरले आहे. सोबत उपस्थितीचे प्रमाणपत्र, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, प्रवासाचे प्रयोजन. तिकीट हरवले तर पैसे गेले. रिक्षाने गेलो असू तर का गेलो, याचा खुलासा. आम्ही यावर कुरकुर करतो, पण ही पद्धत चुकीची आहे असे आम्ही कधी मानले नाही. पैसा लोकांचा आहे. ज्या एसटीतून आम्ही जातो तिच्या वाहकाची पेटी वाटेत कोणत्याही फाट्यावर तपासली जाऊ शकते, आणि किरकोळ रकमेची तफावत निघाली तरी त्याच्यावर चौकशी बसते. राज्यव्यवस्थेच्या तळाशी प्रवासाचा हिशेब इतका कडक आहे आणि जसजसे वर जावे तसतसा तो विरळ होत जातो. शिखरावर पोचेपर्यंत फक्त ‘प्रयाण’ उरते.

हिशेब दडवला जातो असे आम्ही म्हणत नाही. तो कोठेही एकत्र केला जात नाही, इतकेच. शासकीय विमान-हेलिकॉप्टरचा खर्च सामान्य प्रशासन विभागाकडे. तात्पुरते हेलिपॅड, मंडप, कठडे, आदल्या रात्री बुजवलेले रस्त्यावरचे खड्डे, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राजशिष्टाचाराची धावपळ जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे. बंदोबस्त पोलिसांकडे. पाणी, आरोग्यपथक, रुग्णवाहिका आणखी कोणाकडे. प्रत्येक कार्यालयापाशी एक तुकडा असतो आणि प्रत्येक अधिकारी प्रामाणिकपणे सांगू शकतो की संपूर्ण खर्चाची माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. येथे एक भेद केला पाहिजे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढूत झालेला वाद आणि १ जानेवारी २०१८ चा कोरेगाव भीमाचा हिंसाचार यांनंतर या टापूत दरवर्षी मोठा बंदोबस्त लागतो. पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला येणाऱ्या लाखो लोकांच्या सुरक्षिततेवर होणारा तो खर्च आहे. तो शासनाचे कर्तव्य म्हणून व्हायलाच हवा. तो मंत्र्यांच्या खात्यावर टाकणे अन्याय्य होईल. पण जनतेसाठीचा बंदोबस्त आणि पुढाऱ्यासाठीचा बंदोबस्त हे एकाच आकड्यात मिसळून ठेवले, की मग दुसऱ्याविषयी विचारणारा पहिल्याचा विरोधक ठरवता येतो. ही सोय फार उपयोगाची आहे.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्ये केला. अण्णा हजारे त्यासाठी उपोषणाला बसले होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने तर सार्वजनिक प्राधिकरणांवर मागणी येण्याआधीच माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. त्या कायद्यातला वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद पूर्वी मर्यादित होता: ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, तेवढीच नाकारता येत असे. डिजिटल वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या अधिनियमाने त्या अटी काढून टाकल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हणणे पुरते. हेलिकॉप्टरात मंत्र्याबरोबर कोण बसले होते, ही माहिती वैयक्तिक नाही काय? विश्रामगृहातली खोली कोणाच्या नावे होती, हे वैयक्तिक नाही काय? ‘राखीव’ या शब्दाला आजवर केवळ रूढीचा आधार होता. यापुढे कायद्याचा मिळेल. व्यापक लोकहितासाठी माहिती देता येईल अशी तरतूद आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अजून शाबूत आहे. पण ती वापरायची की नाही हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याने सकाळी हेलिपॅडवर पुष्पगुच्छ दिला होता.

आमच्या पदवी वर्गांना व्यावहारिक मराठी शिकवताना अर्जलेखन असते. वर्षानुवर्षे विद्यार्थी त्यात शुल्कमाफीचे, बोनाफाइड दाखल्याचे आणि बसथांब्याच्या मागणीचे अर्ज लिहीत आले. या सत्रापासून आम्ही माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज लिहायला देणार आहोत. राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार असा अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो, शुल्क दहा रुपये. शब्दमर्यादेचा जाच वाटतो खरा, पण गद्याच्या शिस्तीला तो वाईट नाही. मसुदा आम्ही करून पाहिला. मागील फाल्गुन वद्य अमावास्येस वढू बुद्रुक येथे आलेल्या प्रत्येक मंत्र्याच्या प्रवासाबाबत: वाहन वा हवाई वाहनाचा प्रकार, ते शासकीय की भाड्याचे, सोबत प्रवास करणाऱ्यांची संख्या आणि त्यांची पदे, दौऱ्याचे लेखी प्रयोजन, त्या दिवशीच्या कार्यक्रमांपैकी शासकीय कोणते, ‘राखीव’ म्हणून दाखविलेला कालावधी, प्रत्येक बाबीवरील खर्च, लेखाशीर्ष आणि देयकाची प्रत. शंभराच्या आतच झाले. विषय एकच हवा, म्हणून हाच अर्ज सामान्य प्रशासन, बांधकाम, जिल्हाधिकारी आणि पुणे ग्रामीण पोलीस अशा चार ठिकाणी चार विद्यार्थी वेगवेगळा पाठवतील. चाळीस रुपये आणि टपालखर्च. पावत्या आम्ही जपून ठेवू.